मुंबई–लंडन : अंतर तेच, तास कोणाच्या हाती?

हिवाळ्याच्या दिवसांत मुंबईहून दुपारी एक वाजता सुटणारे विमान त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला लंडनला उतरते. आणि लंडनहून रात्री नऊ वाजता सुटणारे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईस पोहोचते. वेळापत्रकातील हे आकडे एका विद्यार्थ्याने मध्यंतरी माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "सर, जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा तास, हे कसे?" घड्याळांचा फरक ध्यानात घेतला की हे कोडे बहुतांशी सुटते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. तेवढे तास एका बाजूस मिळविले आणि दुसऱ्या बाजूस वजा केले म्हणजे जाण्याचे दहा तास आणि येण्याचे नऊ तास उरतात. परंतु मुलगा चौकस होता. उरलेल्या एका तासाचा हिशेब त्याला हवा होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्याचाच हा परिणाम असावा असा त्याचा तर्क होता.

हा तर्क अनेक सुशिक्षितही करतात. पण तो खरा असता तर परिणाम नेमका उलटा दिसावयास हवा होता. कारण पृथ्वीबरोबर लंडन तर आपल्याच दिशेने सरकत असते. वस्तुतः पृथ्वीबरोबर तिच्याभोवतालची हवाही फिरते, आणि धावत्या आगगाडीच्या डब्यात पुढे किंवा मागे चालणाऱ्यास जसे सारखेच श्रम पडतात तसेच विमानाचे होते. तासाभराचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे जे हवेचे झोत आहेत, ते पूर्वेकडे येणाऱ्या विमानास हात देतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यास अडवितात. हिवाळ्यात हे झोत विशेष जोरात असतात.

एवढे समजल्यावर त्याने शेवटचा प्रश्न विचारला : "मग मुंबईपासून लंडन नक्की किती लांब?" मी सांगून टाकले, सुमारे ७,२०० किलोमीटर. उत्तर बरोबर होते, तरी ते अपुरे होते असे नंतर वाटत राहिले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तर ते तेवढ्यावर सोडावयास नकोच होते. दोन शहरांमधले अंतर किलोमीटरात मोजणे हे भूगोलाचे काम झाले. माणूस ते अंतर तासांत, रुपयांत आणि परवानग्यांत मोजतो. आणि या तीन मापांचा इतिहास पाहिला म्हणजे अंतर ही वाटते तितकी निसर्गदत्त गोष्ट नाही, हे ध्यानात येते.

सरळ रेषेवरची गावे

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन या दोन ठिकाणी टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो कोठून जाईल? सपाट नकाशावर वाटते तसा तो अरबस्तान आणि भूमध्य समुद्र यांवरून जात नाही. बराच उत्तरेकडे वळतो. सौराष्ट्र ओलांडून तो जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो. तेथून बलुचिस्तान, इराणची पूर्व सरहद्द, तेहरानच्या पूर्वेचा मुलूख, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग असे करीत जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिच्याजवळ त्याची निम्मी वाट संपते. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, दक्षिण पोलंड आणि जर्मनी यांवरून तो लंडनला पोहोचतो.

ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. गेल्या दहा-बारा वर्षांत वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर युद्धाच्या निमित्ताने जी नावे वारंवार आली, त्यांतील कितीतरी या एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. त्यापूर्वी, १७ जुलै २०१४ रोजी, पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जीव गेले. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून नुकत्याच निघालेल्या युक्रेनच्या विमानाची तीच गत झाली. त्यात १७६ माणसे मरण पावली. पहलगामच्या हत्याकांडानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. भारतानेही काही दिवसांतच पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले. आणि पुढे दोन्ही देश ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवीत राहिले. त्याच वर्षी १३ जून रोजी इस्राएलने इराणवर हल्ला चढविला, तेव्हा लंडनच्या वाटेवर असलेले एक विमान काही तास उडून मुंबईलाच परत आले. त्यातील प्रवाशांच्या लेखी त्या दिवशी लंडन किती लांब होते?

तेव्हा दोऱ्याची लांबी ७,२०० किलोमीटर असली, तरी विमानाने प्रत्यक्षात कोणती वाट धरावी हे दोरा ठरवीत नाही. अरबी समुद्रावरून आखाताकडे, तेथून इराक, तुर्कस्तान आणि मग युरोप अशी वाकडी वाट धरावी लागते, आणि तीही केव्हा अरुंद होईल याचा नेम नसतो.

सहा महिन्यांवरून दहा तासांवर

आजची ही अनिश्चितता मनाला इतकी टोचते, याचे कारण दीडशे वर्षे हे अंतर एकाच दिशेने, म्हणजे कमी होण्याच्या दिशेने चालले होते. शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबईहून लंडनला जावयाचे तर आफ्रिकेला वळसा घालून सुमारे वीस हजार किलोमीटरांचा प्रवास करावा लागे, आणि वाऱ्याच्या कृपेनुसार त्याला चार ते सहा महिने लागत. पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत वर्ष उलटे. ईस्ट इंडिया कंपनीचे येथील अधिकारी इतक्या मनमानीने वागू शकले, त्याचे एक कारण हेही होते की लंडनचा जाब येईपर्यंत व्हावयाचे ते होऊन गेलेले असे.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि समुद्रमार्ग सुमारे साडेअकरा हजार किलोमीटरांवर आला. पुढच्याच वर्षी समुद्राखालून टाकलेली तार मुंबईस पोहोचली, आणि माणसास नाही तरी बातमीस तरी दोन शहरांत अंतर उरले नाही. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत लंडन ते मुंबई या टप्प्यास वीस दिवस धरलेले आहेत : सुएझपर्यंत आगगाडी व आगबोट मिळून सात, आणि तेथून मुंबईपर्यंत तेरा. ती कादंबरी १८७२ मधील. वीस दिवसांचा हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

विमानाने या वीसाचे सात केले. ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची अशी नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली. ती अखंड विमानाचीही नव्हती. मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलपासून इटलीतील जिनोआपर्यंत आगगाडीने जावे लागे. भाडे होते १३० पौंड. रुपयाचा त्या वेळचा दर एक शिलिंग सहा पेन्स होता. म्हणजे ही रक्कम १,७३३ रुपये होते. प्राथमिक शिक्षकाचा कित्येक वर्षांचा पगार त्यात खर्ची पडला असता. कराचीस आलेले टपाल पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या लहानशा विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. आपल्या नागरी हवाई वाहतुकीचा आरंभ मानला जातो तो हाच. लंडनच्या दोऱ्यातला कराची–मुंबई हा शेवटचा टप्पा त्या दिवशी जोडला गेला. आणि आज आपल्या विमानांना वर्ज्य झाला तोही नेमका हाच टप्पा.

स्वातंत्र्यानंतर वर्षाच्या आतच, ८ जून १९४८ रोजी, 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत मुंबईहून लंडनला गेले. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण वेगाची कथा येथेच संपते. ती विमाने ताशी नऊशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने उडत. आजची अद्ययावत विमानेही त्याच वेगाने उडतात. साठाहून अधिक वर्षांत विमानाचा वेग वाढलेला नाही. मधले थांबे गेले, त्यांचा वेळ वाचला, एवढेच.

वेग का थांबला?

हे तंत्रज्ञानाचे अपयश नव्हे. हा अर्थशास्त्राचा निकाल होय. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि प्रत्येक वाचविलेल्या मिनिटासाठी अधिकाधिक इंधन जाळावे लागते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बांधलेले काँकॉर्ड विमान १९७६ पासून २००३ पर्यंत प्रवासी नेत होते. लंडन–न्यूयॉर्क अंतर ते साडेतीन तासांत कापी. परंतु त्यात जेमतेम शंभर माणसे बसत, इंधन अतोनात लागे, आणि त्याच्या गडगडाटामुळे लोकवस्तीवरून पूर्ण वेगाने उडण्यास बहुतेक देशांनी त्याला मनाई केली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर असल्या विमानाचे भवितव्य उघडच होते.

वेगाऐवजी बाजाराने दुसरी गोष्ट निवडली : आकार. १९७० पासून चारशेच्या घरात प्रवासी नेणारी जंबो विमाने आली आणि एका आसनामागील खर्च उतरू लागला. १९६० पूर्वी अंतर तासांत घटले, १९७० नंतर ते भाड्यात घटले. या दोहोंतील दुसरी घट सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक मोलाची होती. संस्थानिक, मोठे व्यापारी आणि सरकारी खर्चाने जाणारे अधिकारी यांच्याखेरीज ज्या वाटेला कोणी जात नसे, त्या वाटेने शिक्षकांची आणि कारकुनांची मुले जाऊ लागली. आज मुंबई–लंडन जाण्यायेण्याचे तिकीट हंगाम साधला तर पन्नास-साठ हजारांत मिळते. ही रक्कम लहान नव्हे. पण ती कित्येक वर्षांचा पगार राहिलेली नाही, एक-दोन महिन्यांच्या पगारावर आली आहे. माझ्या पिढीच्या मध्यमवर्गाने पाहिलेल्या मोठ्या आर्थिक बदलांत याची गणना करावयास हवी.

आकाशाचा खंड

मग आज तास पुन्हा वाढतात ते का? यासाठी आकाशाच्या मालकीकडे वळावे लागते. समुद्र कोणाचाही नाही, हे तत्त्व डच विधिज्ञ ग्रोशियस याने १६०९ मध्ये मांडले आणि किनाऱ्याजवळचा पट्टा सोडता जगाने ते पुढे बव्हंशी मान्य केले. आकाशाच्या बाबतीत मात्र उलटे घडले. पहिल्या महायुद्धात विमानांतून बाँब पडलेले पाहिलेल्या राष्ट्रांनी १९१९ च्या पॅरिस करारात, आणि पुढे ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात, प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. म्हणजे जहाज समुद्रातून हक्काने जाते. विमान मात्र परक्या आकाशातून परवानगीने जाते.

जेथे मालकी आली तेथे खंड आला. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते आकाशासही लागू पडते. पाकिस्तान, इराण किंवा रशिया यांनी आपले आकाश निर्माण केलेले नाही. परंतु जगाच्या दोन श्रीमंत टोकांना जोडणाऱ्या वाटा त्यांच्या डोक्यावरून जातात. म्हणून त्यांना दरवर्षी मोठे शुल्क मिळते, आणि मोक्याच्या जागेची ही प्राप्ती सोडावयास कोणी सहजासहजी तयार होत नाही. राजकीय रोष अनावर झाला म्हणजे मात्र मालक स्वतःचे नुकसान सोसूनही फाटक लावून घेतो.

२०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानचे आकाश २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत बंद किंवा अंशतः बंद होते. त्या काळात, २ जुलैपर्यंत, भारतीय विमान कंपन्यांचे सुमारे ५५० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याची माहिती सरकारने संसदेत दिली. त्यातले ४९१ कोटी एकट्या एअर इंडियाचे होते. पाकिस्ताननेही कोट्यवधींचे शुल्क गमावले. दोघांचेही नुकसान होते आणि लाभ कोणाचाच होत नाही, अशा व्यवहारास अर्थशास्त्रात समर्थन सापडत नाही. ते राजकारणात शोधावे लागते.

याहून बोलके उदाहरण फिनलंडचे आहे. हेल्सिंकीहून टोकियोला रशियावरून साडेनऊ तासांत जाता येत असे, आणि या जवळिकीवरच त्या देशाच्या विमान कंपनीने आपला सारा व्यवसाय उभारला होता. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाले. आता त्याच प्रवासास उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून तेरा तासांच्या आसपास लागतात. शीतयुद्धाच्या काळात, १९८३ मध्ये, त्या कंपनीने ध्रुवावरून टोकियोची सेवा सुरू केली होती. चाळीस वर्षांनी तिला पुन्हा तीच वाट धरावी लागली. विमाने सुधारली, इंजिने सुधारली, आणि तास मात्र १९८३ चेच उरले.

या वाढीव तासांचे बिल कोण भरतो? लांब पल्ल्याचे मोठे विमान तासाला पाच ते आठ टन इंधन जाळते. जास्त इंधन भरले की त्याच्या वजनामुळे प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो. कर्मचाऱ्यांचे तास वाढतात, आणि तेच विमान दिवसाकाठी कमी फेऱ्या करते. हा सारा बोजा अखेर तिकिटावर येतो. ज्याचे तिकीट त्याची कंपनी काढते त्यास तो जाणवत नाही. ज्याच्या बापाने मुलाच्या शिक्षणासाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आहेत त्यास तो जाणवतो.

आठ वर्षांचा एक प्रयोग

अंतर वाढल्याने देशांचे काय होते, याचा एक मोठा प्रयोग इतिहासाने समुद्रावर आपोआप करून ठेवला आहे. दोन देशांतील व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराप्रमाणे वाढतो आणि त्यांच्यातील अंतराप्रमाणे घटतो, असे सूत्र डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडले. पण अंतर तर कायम असते. मग त्याचा परिणाम वेगळा काढून मोजावा कसा? ५ जून १९६७ रोजी अरब-इस्राएल युद्ध पेटले आणि सुएझचा कालवा बंद झाला तो थेट ५ जून १९७५ पर्यंत. मुंबई–लंडन समुद्रमार्ग एका दिवसात साडेअकरा हजारांवरून पुन्हा जवळजवळ वीस हजार किलोमीटर झाला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स फेयरर यांनी या आठ वर्षांचे आकडे तपासले. ज्या देशांमधील वाट लांबली त्यांचा आपसांतील व्यापार घटला, कालवा उघडल्यावर तो पुन्हा सावरला, आणि या घटीची झळ त्या देशांच्या उत्पन्नासही लागली, असे त्यांना आढळले. भारत हा या वाढीव अंतराची झळ विशेष लागलेल्या देशांपैकी एक होता.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा न्हावा-शेवाहून युरोपला जाणारी कितीतरी जहाजे पुन्हा केप ऑफ गुड होपच्या वळशाने जाऊ लागली. वास्को द गामाची वाट पाचशे वर्षांनी पुन्हा वाहती झाली. दहा-पंधरा दिवसांचा वाढीव प्रवास, चढे विम्याचे हप्ते आणि अडकून पडलेले भांडवल यांचा भार नाशिकच्या द्राक्षबागायतदारावरही आला. समुद्र असो वा आकाश, धडा एकच आहे. विज्ञानाने जिंकलेले अंतर कायमचे जिंकलेले नसते. शांतता असेपर्यंतच ते आपले असते.

तेवीस दिवस आणि दहा तास

येथवर विमानाविषयी झाले. विमानात बसण्यापूर्वीच्या अंतराचे काय? माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक रत्नागिरी जिल्ह्यात राहतात. त्यांची मुलगी नोकरीनिमित्त लंडनला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्यावर अकस्मात शस्त्रक्रिया करावी लागली. "ताबडतोब निघतो," असे गुरुजी फोनवर म्हणाले. पण ताबडतोब निघता येते थोडेच? निवृत्तिवेतनाचे दाखले, बँकेचे उतारे, घराची कागदपत्रे, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे यांत पाच दिवस गेले. मुंबईस जाऊन बोटांचे ठसे दिले. त्यानंतर अठराव्या दिवशी व्हिसा लागलेला पासपोर्ट हाती आला. यात कोणाचा दोष होता असे नाही. असल्या अर्जांसाठी तीन आठवड्यांची मुदत सांगितलेली असते, आणि काम त्या मुदतीच्या आतच झाले. तोवर मुलगी रुग्णालयातून घरी आली होती. गुरुजी गणिताचे शिक्षक. मला म्हणाले, "तेवीस दिवस कागदांचे, आठ तास मुंबईपर्यंतचे आणि दहा तास विमानाचे. सांगा, लंडन किती लांब?"

वर ध्यानात ठेवावयास सांगितलेला आकडा आता आठवावा. १८७२ मध्ये आगबोटीने आणि आगगाडीने लंडन–मुंबई प्रवास वीस दिवसांचा मानला जात होता. जेट विमानांच्या युगात एका बापाला आपल्या आजारी मुलीपर्यंत जाण्यास त्याहून अधिक दिवस लागले. आणि हा अडथळा पुरातन नव्हे. ब्रिटनला केवळ भेटीसाठी जाणाऱ्या भारतीयास आधी व्हिसा घेऊनच निघण्याची सक्ती १९८६ मध्ये आली. तिकिटे सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली त्याच सुमारास दाराशी नवा अडसर बसला. श्रीमंतांनाच प्रवास परवडत होता तोवर दार उघडे होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. प्रत्येक देशास आपल्या सीमेवर लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे, आणि आपला देशही परकीयांकडे व्हिसा मागतोच. परंतु तपासणी आणि विलंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजारपण आणि मृत्यू यांच्यासाठी दोन-तीन दिवसांत निर्णय देणारी, आणि अल्प उत्पन्नाच्या माणसालाही परवडेल अशी व्यवस्था दोन्ही बाजूंनी करणे अशक्य नाही. जादा पैसे भरणाऱ्यास लवकर निर्णय मिळण्याची सोय आज आहेच. म्हणजे लवकर काम होऊ शकते. फक्त त्याला किंमत आहे.

गुरुजींच्या हिशेबातील मधल्या आठ तासांकडेही दुर्लक्ष करू नये. रेल्वेने मुंबई–नागपूर हे अंतर ८३७ किलोमीटर आहे, आणि ते कापण्यास बहुतेक गाड्यांना बारा तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. लंडन याच्या साडेआठ पट दूर, आणि तरी वेळाच्या हिशेबात जवळ! गडचिरोलीच्या आतल्या गावातील विद्यार्थ्यास तर मुंबईचा विमानतळ हाच प्रवासाचा अधिक कठीण टप्पा असतो. लांबचे अंतर आपण आधी कमी केले आणि जवळचे तसेच राहू दिले. कारण लांबच्या प्रवाशाच्या खिशात पैसे होते.

पुढची घट कोठे?

विमान याहून वेगाने उडेल, अशी आशा नजीकच्या काळात धरण्यात अर्थ नाही; इंधनाचा आणि वातावरणात सोडल्या जाणाऱ्या कर्बवायूचा हिशेब ते होऊ देणार नाही. तेव्हा यापुढे अंतर घटावयाचे असेल, तर ते कारखान्यात घटणार नाही. करारांच्या टेबलावर घटेल. त्यासाठी नागरी विमानांचे आकाश हे सूड उगविण्याचे साधन होता कामा नये, हा संकेत राष्ट्रांनी स्वीकारावयास हवा. प्रत्यक्ष गोळीबार चालू असताना आकाश बंद ठेवणे हे प्रवाशांच्याच हिताचे आहे. युक्रेन आणि तेहरान येथील दुर्घटनांनी ते दाखवून दिले आहे. परंतु तोफा थांबल्यावरही महिनोन्महिने फाटक लावून बसण्याने प्रवाशांचे संरक्षण होत नाही. शत्रूला थोडे आणि स्वतःच्या नागरिकांना पुष्कळ टोचते, एवढेच. ज्या देशाशी आपले वैर आहे त्याच्याशी हा व्यवहार बोलणे कठीण आहे, हे मान्य. पण सिंधूच्या पाण्याविषयी दोन्ही देशांनी १९६० मध्ये करार केला आणि तो युद्धांमधूनही दीर्घकाळ टिकला होता, हेही विसरता येत नाही. २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला, आणि त्याची कारणे सर्वज्ञात आहेत. तरीही वैराच्या काळात किमान व्यवहार कसा जपता येतो, याचा दाखला म्हणून त्या पासष्ट वर्षांचे मोल कमी होत नाही.

त्या विद्यार्थ्यास मी पुन्हा बोलावले. ७,२०० किलोमीटर हे उत्तर खोडले नाही. त्याखाली आणखी काही ओळी लिहावयास सांगितल्या. वारा अनुकूल असेल तर नऊ तास, प्रतिकूल असेल तर दहा. शेजारी रागावला तर त्याहून अधिक. बापाच्या एक-दोन महिन्यांच्या पगाराइतके. कागद तयार नसतील तर तीन-चार आठवडे. त्याने सारे उतरवून घेतले आणि विचारले, "सर, परीक्षेत यातले कोणते लिहायचे?" परीक्षेत पहिलेच लिही, असे मी त्याला सांगितले. बाकीची उत्तरे बदलता येण्यासारखी आहेत, आणि ती बदलण्याचे काम त्याच्या पिढीकडे येणार आहे.